गेनोवेफाबाईंनी फिरवलेला बाण

चाकाखाली खडी करकरली की आमच्या सासूबाई जेवता जेवता उठायच्या. तोंडातला घास तोंडातच. फाटकापर्यंत जायच्या, खांबाला धरून उभ्या राहायच्या आणि ते सायकलवाले मागच्या पिशव्या हलवत तळ्याच्या वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत बघत राहायच्या. मग परत येऊन थंड झालेलं बीटाचं सार पुढे ओढायच्या आणि म्हणायच्या, "हे नव्हेत."

मी लग्न होऊन शेलिगोवोत आले तेव्हा सायकलवाले नव्हते, जर्मनांच्या बसगाड्या यायच्या. तेव्हाही हेच चालायचं. नवी नवरी होते, तोंड आवरत नव्हतं. विचारलं, "आई, हे नव्हेत म्हणजे कोण नव्हेत?"

"ज्यांचं घर आहे ते," त्या म्हणाल्या. "कधीतरी येतीलच ना."

आमच्या गावातलं एकही जुनं घर मुळात आमचं नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लढाई संपली, पिढ्यानपिढ्या इथे राहिलेले जर्मन निघून गेले आणि पूर्वेकडच्या आपापल्या गावांतून हुसकलेली आमची माणसं मालगाडीच्या डब्यांतून इथे आणून उतरवली. हे दार तुझं, ते दार तुझं, जा आत. गेनोवेफा, म्हणजे आमच्या सासूबाई, तेव्हा गाईचं शेपूट धरून चालत होत्या, एवढ्या लहान. बाकीची घरं रुळली. कोणी भिंत पाडली, कोणी नवी जमीन घातली. आमचं घर मात्र रुळलंच नाही. सासूबाईंची आई म्हातारी होऊन गेली तरी तिने ट्रंक पुरती उघडली नव्हती. ती ट्रंक आणि ती धाकधूक, दोन्ही लेकीकडे आली.

घरात बोलायची रीतच वेगळी. "त्यांच्या कपाटातून वाटी काढ." "त्यांच्या शेगडीत लाकूड सार." "त्यांच्या झाडाखालची नासपती डुकरांना घाल." पहिले काही दिवस मला वाटलं, कोणी थोरले दीर वेगळे राहतात आणि मला मुद्दाम सांगितलेलं नाही! झेनेकला, माझ्या नवऱ्याला, तसं विचारलं तर तो हसून हसून खाटेवरून पडायचा बाकी राहिला. मग हसू आवरून म्हणाला, "बोझेना, माझंही सगळं बालपण त्यांच्याच घरात गेलं. भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली म्हणून मार खाल्लाय मी. त्यांनी बघितलं तर काय म्हणतील, म्हणून."

घरात चैन पडत नाही म्हणूनच सासूबाईंनी पोस्टाची नोकरी धरली असणार, असं माझं मत. जन्मभर एका अवजड रशियन सायकलवरून त्यांनी टपाल वाटलं. या तळ्यावरून त्या तळ्यावर, वाळूतून, जंगलातून, गोट्यांच्या जुन्या रस्त्यांवरून हाडं खिळखिळी करत. पावसाची तमा नाही, कुत्र्यांची तर नाहीच. नोकरी संपली तरी सकाळी उठून, "जरा चक्कर मारून येते," ती चक्कर दुपारी संपायची. गावातले टवाळ म्हणायचे, गेन्या मेली की शवपेटीला पायडल लावा, नाहीतर ती आत झोपायची नाही.

म्हणून तर जिल्ह्याची माणसं तळ्यांभोवतीचा सायकलमार्ग आखायला आली तेव्हा सरपंच टोकार्स्कीने त्यांना सरळ आमच्या दारात आणून उभं केलं. सासूबाई खूश! पुढे त्या, मागे ती जाकिटवाली तरुण मंडळी. कुठली वाट पावसात कोरडी राहते, कुठल्या चढावर पिशव्यांसकट उतरावं लागेल, कुठल्या तळ्याकाठी धुरी दिलेले मासे मिळतात, सगळं दाखवलं. एक आमच्या घरापुढची वाट तेवढी दाखवली नाही. "तिकडे काही नाही," म्हणाल्या. पण त्या पोरांनी आमच्या वाटेवरची जुनी झाडं बघितली, दोन्ही बाजूंनी वर वाकून एकमेकांत गुंतलेली, आणि वेडीच झाली. मार्ग आमच्या फाटकावरूनच गेला. तिठ्यावर, देवमातेची मूर्ती असलेल्या खांबाशेजारी, पांढऱ्या पाटीवर हिरवा बाण लागला. बाणाचं टोक थेट आमच्या घराकडे.

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

इकडे झेनेकच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. वरच्या दोन खोल्या सायकलवाल्यांना द्यायच्या, मी सकाळी त्यांना न्याहारी द्यायची. पण वरच्या खोल्यांत पावसाळी दिवशी बादल्या मांडाव्या लागत. आधी छप्पर बदलायला हवं होतं. त्याने विषय काढला की सासूबाई पदार्थात मीठ जास्त पडल्यासारखं तोंड करायच्या.

"दुसऱ्याच्या घरावर आपण कौलं चढवायची?"

"आई, सत्तर वर्षं होत आली!"

"मग? वर्षं मोजून घर आपलं होतं का?"

त्या वसंतात झेनेक टेकीला आला. त्याचा एक मित्र नॉर्वेत मासे साफ करायच्या कारखान्यात होता, तो बोलावत होता. झेनेकने आईला तोंडावर सांगितलं, "हिवाळ्याआधी छप्पर झालं तर राहू. नाहीतर मी आणि बोझेना जाणार. गळक्या घरात, कोणाची तरी वाट बघत, मी म्हातारा होणार नाही." तो बोलतो तसं करतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. माझं माहेर तळ्याच्या पलीकडच्या काठाला, अंगणातून चुलीचा धूर दिसतो. मी कशाला जाऊ त्या नॉर्वेच्या माशांत? पण सासूबाई नुसत्या म्हणाल्या, "जा बापडे," आणि खडी वाजली म्हणून फाटकाकडे गेल्या.

जूनमध्ये टोकार्स्की कपाळाला आठ्या घालून आला. "वहिनी, तुमच्या वाटेने सायकलवालेच येत नाहीत हो. सगळे दलदलीकडून येतात आणि गुडघ्यापर्यंत बरबटून दुकानात चिखल करतात. बाण फिरलाय. वारा असेल."

त्याने बाण सरळ करून आवळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वारा आला. तिसऱ्या दिवशीही.

मी स्वयंपाकघरात सासूबाईंच्या शेजारी बटाटे किसत होते. त्या वळल्या की एप्रनच्या खिशात काहीतरी खणकायचं.

"आई, खिशात काय वाजतंय?"

"जपमाळ."

"एवढी जड?"

"पापं जास्त आहेत."

हात घालून बघितलं, तर पोस्टाच्या सायकलचा पाना. मी तडक जाऊन झेनेकला सांगितलं. तो असा काही ओरडला की कोंबड्या पांगल्या. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "रस्ता बंद केलाय का मी? तिकडूनही तळ्याला वळसा पडतोच. जरा चिखल लागला तर काय मरतात?"

मग तो सगळा उन्हाळा मायलेकांचा खेळ चालला. पहाटे त्या जाऊन बाण दलदलीकडे वळवायच्या, सकाळी हा जाऊन पुन्हा घराकडे. मी दोघांना बोलायचं सोडून दिलं. मनात म्हणायची, बाई गं, तू त्यांच्या वाटेवर बाण फिरवतेस आणि तुझा लेक हातातून चाललाय.

पंधरा ऑगस्टला देवमातेचा सण. सकाळी आम्ही रानातली फुलं, गव्हाच्या लोंब्या, पुदिना असे गुच्छ बांधून चर्चमध्ये नेले, फादरांनी पाणी शिंपडून आशीर्वाद दिला. सणाच्या कपड्यांत झेनेक तिठ्याकडे गेलाच नाही. चर्चमधून बाहेर पडतो तो पश्चिमेला आभाळ शाईसारखं. आमच्या तळ्यांवरचं वादळ सांगून येत नाही. गुच्छ पोटाशी धरून घरी पळालो आणि दार लावतोय तोच पाऊस कोसळला.

त्या पावसात फाटकाशी एक बाई सायकल टाकून आत धावत आली. पन्नाशीची, केसांतून पाणी ठिबकतंय. "मामा?" ती म्हणाली. "मामा इथे?" तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला जर्मन येत नव्हतं. हातवाऱ्यांनी कळलं ते असं. मामा म्हणजे तिची म्हातारी आई, ती बॅटरीच्या सायकलवरून पुढे निघाली होती. ही चर्चजवळ टायर पंक्चर झाला म्हणून मागे राहिली आणि मग दुकानातल्या माणसांनी दाखवलेल्या वाटेने सरळ आमच्याकडे आली. आई याच वाटेला असायला हवी होती. फोनवरच्या नकाशात तर हीच वाट होती. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "बिर्गिट," आणि रडायला लागली.

मी सासूबाईंकडे बघितलं. गुच्छ त्यांनी टेबलावर ठेवला, सणाचा रुमाल डोक्यावर होता तसाच ठेवला आणि ओसरीतून सायकल काढली.

"आई, वेड लागलंय का? वय काय तुमचं!"

"वयाचं मग बघू. झेनेकला म्हणावं ट्रॅक्टर आण."

झेनेक ट्रॅक्टरकडे धावला, त्याने बिर्गिटलाही बरोबर घेतलं. मी त्याचे रबरी बूट चढवले आणि सासूबाईंच्या मागे पळत निघाले. काय चालवत होत्या! पुढचं दिसत नव्हतं, झाडं वाकत होती आणि ही म्हातारी वाळूतून, मुळांवरून, पोस्टाची पिशवी पाठीला असल्यासारखी ओणवी. मी मागून देवालाही शिव्या घालत होते आणि त्यांनाही. रडत होते का? असेन.

दलदल जिथे सुरू होते तिथे एका झाडाखाली ती बसलेली होती. लहानखुरी, लाल रेनकोट, एक बूट चिखलात गेलेला, घोटा सुजून टम्म. सायकल चाकाच्या मध्यापर्यंत रुतलेली. आम्हाला बघून ती हसली आणि बोलली, ती चक्क आमच्या भाषेत! तीही आताची नव्हे. लढाईच्या आधी इथे राहिलेली जर्मन माणसं घरात आमच्याच भाषेची जुनी गावरान बोली बोलायची, तशी. माझ्या लहानपणी अशी बोलणारी एकच म्हातारी गावात उरली होती.

"अगो बायांनो, देवच धावला! इथलीच मी. सोबोटकांची वाल्ट्राउट. बघा की माझी अक्कल, आपल्याच गावात वाट चुकले."

सासूबाईंनी धापा टाकत विचारलं, "बाण बघून आलात?"

"तर काय! लहानपणी आम्हाला इकडे फिरकू द्यायचे नाहीत. मनात म्हटलं, असेल बाई आता नवी वाट. आता गाव त्यांचं. त्यांनाच ठाऊक."

जन्मभर ज्यांना आम्ही 'ते' म्हणत आलो, त्यांच्या तोंडी 'ते' म्हणजे आम्ही.

सासूबाई सणाच्या कपड्यांत चिखलात गुडघे टेकून बसल्या. तिचा तो उघडा पाय मांडीवर घेतला आणि डोक्यावरचा रुमाल सोडून पुसायला लागल्या. पुसता पुसता मान वर न करता म्हणाल्या, "बाण मी फिरवला."

"का गं?"

"तुम्ही येऊ नये म्हणून."

"पण तू मला ओळखतही नाहीस!"

"म्हणून तर."

म्हातारीने पाय किंचित मागे ओढला. मग म्हणाली, "पाय जरा हळू धर, दुखतोय."

ट्रॅक्टर आला. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि सगळ्यांना आम्ही घरी आणलं. दुसरं कुठे नेणार? वाल्ट्राउटबाईंना शेगडीशेजारी बसवलं. आमची शेगडी जुनी, हिरव्या चिनी फरशांची, छतापर्यंत उंच. मी पाय बांधायला फडकी शोधत होते. एवढ्यात वाल्ट्राउटबाईंनी शेगडीच्या खालच्या एका फरशीवर हात फिरवला आणि ओरडल्या, "अगो, हा टवका अजून तसाच!"

सासूबाईंच्या हातात किटली होती. ती त्यांनी ठेवलीही नाही. "आठवतो तुम्हाला?"

"आठवतो म्हणजे? माझ्यामुळेच उडाला तो!"

पाऊस तेवढा वाजत होता, आणि वरच्या खोलीतल्या बादलीत पडणारी धार. सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. पण आवाज हलू दिला नाही त्यांनी.

"कपाटाची काच आहे तशी आहे. भिंती हलवल्या नाहीत. झाडाला हात लावलेला नाही. एकदाचं सांगून टाका. घर कधी सोडायचं?"

"कुठलं घर?"

"हेच. तुमचं."

"वेडी का तू?" वाल्ट्राउटबाई म्हणाल्या. "हे आमचं नव्हे. आमचं पाण्याच्या काठाला होतं. जळलं ते, तिथे आता नुसती खाजरी झुडपं. तीच बघायला आले मी. हे कोपाट्झांचं घर. त्यांची लीस्बेट माझी मैत्रीण. आम्ही दोघींनी लाकडी घोडा आपटून फोडली ही फरशी, आणि मार एकट्या लीस्बेटने खाल्ला."

"कोपाट्झ," सासूबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांना ते नाव कळलं होतं. "कुठे असतात ते? पत्ता सांगा." पोस्टातलीच सवय ती. माणूस आहे म्हणजे पत्ता असणारच.

वाल्ट्राउटबाईंनी लेकीकडे बघितलं, मग फरशीकडे. "पत्ता कुठला, बाई. त्या जानेवारीत सगळं गाव गाड्या जुंपून निघालं. समुद्राकडची खाडी गोठलेली, तिच्यावरून जायचं होतं. त्यांची गाडी पुढे, आमची मागे. वरून विमानं आली, बर्फ फुटला. घोडे गेले, गाडी गेली. आजोबा, आजी, आई, लीस्बेट, तिचे दोघे भाऊ. धाकट्याला तर दातही आले नव्हते. बाप लढाईतच गेला होता. माझ्या आईने माझे डोळे झाकले, पण कान नाही झाकता आले."

"कोणीच नाही उरलं?"

"कोणीच नाही."

सासूबाई हिशेब लावत होत्या, ते दिसत होतं. "जानेवारीत. आम्हाला इथे आणलं ते पुढच्या वसंतात." किटलीचं पाणी जमिनीवर सांडत होतं. "म्हणजे मी या दारातून आत आले तेव्हाच ते नव्हते."

आणि मग खिडकीजवळची ती खुर्ची, 'त्यांची' खुर्ची, जिच्यावर त्या घरात कोणी कधी बसलं नव्हतं, तिच्यावर त्या बसल्या. मला वाटलं होतं, हुश्श करतील. कसलं काय! ओक्साबोक्शी रडल्या. आपलं माणूस गेल्यासारख्या रडल्या. "फाटकाशी उभी राहायचे मी," म्हणत होत्या, "आणि तिकडे कोणी नव्हतंच." वाल्ट्राउटबाई लंगडत उठल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मायलेकी गेल्या. जायच्या आधी सासूबाईंनी कोपाट्झांच्या घरातल्या प्रत्येकाचं नाव विचारून घेतलं, परत परत म्हणून पाठ केलं. मग तिठ्यावर जाऊन स्वतःच्या हाताने बाण आमच्या घराकडे वळवला आणि पाना टोकार्स्कीला देऊन आल्या.

सगळं सुरळीत झालं असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण त्या दिवसांइतकी तगमग मी त्यांची कधी बघितली नाही. खडी वाजायची, त्या अर्ध्या उठायच्या, आणि कशाला उठलो तेच न कळल्यासारख्या पुन्हा खाली बसायच्या. सायकल काढायच्या, फाटकातून परत आणून ठेवायच्या. छपराबद्दल मात्र चकार शब्द नाही. झेनेकने वाट बघितली, सप्टेंबर गेला, ऑक्टोबर सरत आला. मग त्याने नॉर्वेला कळवून टाकलं. मृतांच्या दिवसानंतर निघायचं. मी आमचे लोकरीचे कपडे बॅगेत भरले आणि माहेरच्या धुराकडे बघून पुन्हा काढले आणि पुन्हा भरले.

नोव्हेंबर लागायच्या सुमारास आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसांची नावं फादरांना सांगतं, आणि महिनाभर चर्चमध्ये ती मोठ्याने वाचली जातात. दरवर्षीप्रमाणे मी सासूबाईंबरोबर गेले. फादर लुत्सियान टेबलाशी बसले होते, चष्मा नाकावर.

"नेहमीचीच ना, गेनोवेफाबाई?"

"नेहमीची, आणि आणखी काही. लिहा. गोटलिब कोपाट्झ. आउगुस्टे कोपाट्झ. एम्मा. तिचा नवरा फ्रिट्झ. लीस्बेट. होर्स्ट. आणि मान्फ्रेड, तो तान्हा होता."

फादरांचं पेन थांबलं. माणूस वाईट नाही, पण पुस्तकी. "अहो बाई, हे जर्मन. शिवाय आपल्या पंथाचेही नव्हेत."

"माहीत आहे."

"इथे आपापल्या घरातल्यांची नावं देतात. लोक विचारतील मला. हे तुमचे कोण लागतात?"

सासूबाईंनी टेबलाला दोन्ही हात टेकले. चिखलात सायकल ढकलताना हँडल धरायच्या तसे घट्ट.

"घरातलेच आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातले. आम्ही नाही तर कोण नाव घेणार त्यांचं?"

फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी कशाला मदत करतेय! मी आपली खिडकीबाहेर बघत राहिले. मग पेन चालल्याचा आवाज आला.

परत येताना सासूबाई एकदाही सायकलवर बसल्या नाहीत, हातात धरून चालत होत्या. घरी आलो तर झेनेक शिडी लावून वर चढला होता. जायच्या आधी निदान आईच्या खोलीवरची दोन फुटकी कौलं तरी सारखी करावीत म्हणून. सासूबाईंनी सायकल भिंतीला टेकवली आणि मान वर केली.

"झेनेक! त्या नॉर्वेवाल्याला कळव, येत नाही म्हणून. बर्फ पडायच्या आत छप्पर व्हायला हवं. दोन कौलं नकोत, सगळं."

तो शिडीवरच थांबला. मलाही बघायचं होतं, तो काय म्हणतो ते. इतक्या वर्षांचा राग असा एका वाक्याने जातो होय?

"सगळं छप्पर?" तो वरून म्हणाला. "कोणाच्या घराचं, आई?"

"आपल्या," त्या म्हणाल्या. "ते आता यायचे नाहीत. खाली ये, जेवून घे आधी."